व्हलेहोची बोली आणि ई-४०

बोलीभाषांवरच्या या परिसंवादात मी एका अमेरिकन रॅप गायकाविषयी बोलणार आहे. रॅप म्हणजे ठेक्यावर बोलणेच; तेव्हा कुणाच्या बोलीत बोलायचे, हा प्रश्न तिथे पहिल्याच ओळीला उभा राहतो.

अर्ल स्टीव्हन्स ऊर्फ ई-४० याचा जन्म १९६७ चा. गाव व्हलेहो, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, नौदलाच्या गोदीवर पोसलेले. ती गोदी १९९६ मध्ये बंद पडली. रॅपच्या पेठा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस. व्हलेहोला विचारतो कोण? त्याने भाऊ, बहीण आणि नात्यातला आणखी एक भाऊ घेऊन 'द क्लिक' हा चमू जमवला, 'सिक विड इट' ही घरचीच कंपनी काढली, कॅसेटी मोटारीच्या डिकीतून विकल्या. 'जाइव्ह' या मोठ्या कंपनीशी करार झाला तो त्यानंतर. ऐकणारे आधी, कंपनी मागून: हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण त्याची भाषा पुढेही सोवळी झाली नाही. ठेक्यात मावणार नाहीत इतकी अक्षरे तो कोंबतो, मध्येच एखादा स्वर लांबवतो. पैसा, मोटार, मित्र यांना त्याच्याकडे कितीतरी शब्द. परक्याला अर्थ कळावा म्हणून तो थांबत नाही. (त्यातला अमली पदार्थांचा धंदा आणि स्त्रियांविषयीची भाषा मला रुचत नाही, हेही सांगतो.)

आपण बडोद्यात, बेळगावात काय करतो? पुण्याच्या संपादकाला कळणार नाही म्हणून घरातला शब्द आपणच आधी खोडतो. संपादकाला तो नाकारण्याची संधीसुद्धा देत नाही!

२००६ मध्ये त्याचे 'टेल मी व्हेन टू गो' देशभर गाजले. त्या भागातल्या बेभान नाचगाण्याला 'हायफी' म्हणत. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय ओकलंडच्या कीक द स्नीक या गायकाला देतात. ई-४० ने त्या गाण्यात त्यालाच सोबत घेतले. तो अल्बम बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचला. एकदोन वर्षांत देशाची हौस फिटली. ई-४० मात्र गातच राहिला. २०१० मध्ये तर एकाच दिवशी दोन अल्बम काढले.

२०२३ साली व्हलेहोने मॅगझिन स्ट्रीटच्या एका भागाला त्याचे नाव दिले. तो लहानाचा मोठा झाला तो याच रस्त्यावर.