घसरणाऱ्या गाडीची तयारी

मोटार रस्त्यावरून घसरू नये म्हणून अभियंते शंभर वर्षे झटत आले. तीच मोटार मुद्दाम घसरविण्याची एक विद्या आहे आणि तिचे रीतसर सामने भरतात, असे सांगितले तर आपणांपैकी पुष्कळांना ते विपरीत वाटेल. मलाही तसेच वाटले होते. मी शर्यतपटू नव्हे. शाळेत पदार्थविज्ञान शिकविणारा शिक्षक आहे. परंतु एका पावसाळी संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि या विषयाशी माझी गाठ पडली.

मुलगा बावीस वर्षांचा, गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारा. साठविलेल्या पैशांतून त्याने एक जुनी काँटेसा घेतली होती. हातात सामानाची एक यादी होती, आणि ती मी तपासावी अशी त्याची इच्छा होती. मी यादीवरून नजर फिरवीत असता तो मध्येच म्हणाला, "सर, आधी एक सांगायचं आहे." चार दिवसांपूर्वी चोर्ला घाटात ओल्या वळणावर त्याने गाडी हौसेने घसरविली होती. ती आडवी झाली आणि त्याच्या ताब्यातून सुटली. वळणाच्या कडेला डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई उभी होती. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. "ती काही बोलली नाही, सर. मोळी सावरून निघून गेली. मला तेव्हापासून झोप नाही."

आम्हा कॅथलिकांत पापनिवेदनाला बसलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात तो हे बोलला. पापनिवेदनात नुसता पश्चात्ताप पुरत नाही, पुढे काय करणार याचाही निश्चय करावा लागतो. म्हणून मी त्याला म्हटले, "रस्त्यावर पुन्हा हे करणार नाहीस, एवढे वचन दे, मग यादीकडे पाहू." त्याने वचन दिले. त्यानंतर आम्ही दोघांनी जे वाचले, जाणत्या मिस्त्र्यांना विचारले आणि करून पाहिले, त्याचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहे.

ही विद्या जपानची. कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटारसायकलचे शर्यतपटू; १९६१ साली जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी. पुढे १९७० च्या दशकात मोटारींच्या शर्यतींत ते वळणाच्या तोंडाशीच गाडी तिरकी करीत आणि घसरतच वळण पार करीत. त्यांचे पाहून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरी रस्त्यांवर ही कला घोटली, आणि १९८७ साली निघालेल्या एका चित्रफितीमुळे ती देशभर गाजली. त्यांची गाडी होती टोयोटाची एई-८६. १९८३ ते १९८७ या काळात निघालेली ही गाडी. इंजिन सुमारे १६०० घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती आणि वजन एक हजार किलोच्या आत. आकडे ध्यानात ठेवा. त्यांचा उपयोग पुढे आहे. डोंगरी रस्त्यावरची ही कला पुढे बंद मैदानात आली, आणि २००१ पासून डी-वन ग्रां प्री नावाची सामन्यांची मालिका सुरू झाली. तेथे कोण आधी पोहोचला हे पाहत नाहीत. गाडी किती तिरकी झाली, ठरलेल्या मार्गावर राहिली की नाही आणि चालविण्यात सफाई किती, यांवर परीक्षक गुण देतात.

आता यामागचे शास्त्र पाहू. टायरची जमिनीवरील पकड ही आम्हा शिक्षकांच्या पगारासारखी असते, म्हणजे ठरलेली. वेग वाढविणे, ब्रेक लावणे आणि वळणे हे तिन्ही खर्च त्याच पगारातून भागवायचे. मागच्या चाकांनी ती पकड पुढे रेटण्यातच खर्च केली, तर वळण धरून राहण्यास काही शिल्लक उरत नाही, आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. मुरमाच्या उतारावर सायकलचा मागचा ब्रेक दाबून चाक आडवे करणाऱ्या पोरांना हे शिकवावे लागत नाही. पुढची चाके मात्र पकड धरून असली पाहिजेत. शेपूट ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवून आणि पायाने अ‍ॅक्सिलरेटर कमीअधिक करून चालक तो तिरकेपणा टिकवितो. म्हणून मागच्या चाकांना शक्ती पुरविणारी गाडी लागते. आपल्याकडच्या आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाके ओढतात. त्या या कामी निरुपयोगी. अँबॅसडर, पद्मिनी, काँटेसा या जुन्या गाड्यांत मागची चाके ढकलीत. त्या दृष्टीने मुलाची निवड ठीक होती.

यादी मात्र ठीक नव्हती. तिच्या शिरोभागी टर्बो होता. त्याखाली मागे रुंद आणि भारी टायर, गाडी जमिनीला टेकेल इतक्या आखूड स्प्रिंगा आणि मोठा आवाज करणारा सायलेन्सर. मी त्याला एई-८६ चे आकडे दाखविले. १३० अश्वशक्तीत ज्यांनी ही विद्या घडविली, त्यांना शक्ती कमी पडली नाही. मागे रुंद टायर घातले की पकड वाढते. ती तोडण्यास अधिक शक्ती लागते. शक्ती वाढली की वेग वाढतो. आणि शिकाऊ माणूस चुकतो तेव्हा त्या वेगानेच चुकतो. मागे साधे, अरुंद, कठीण रबराचे टायर असले तर माफक शक्तीची गाडी ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगातही घसरते. त्या वेगात चूक झाली तर तीतून शिकता येते. टर्बोची शक्ती तर पुष्कळदा क्षणभर मागे राहून मग एकदम येते. शिकणाऱ्याला हवी असते ती पायाच्या दाबाबरोबर वाढणारी आणि दाबाबरोबर ओसरणारी शक्ती. मी टर्बोवर काट मारली. मुलाचा चेहरा उतरला, पण तो बोलला नाही.

मग आम्ही नवी यादी केली. तिच्यात पहिले कलम दुरुस्तीचे. झिजलेले बुश, ढिले बॉल-जॉइंट, खेळणारे टाय-रॉड आणि गळके शॉक-अ‍ॅब्सॉर्बर आधी बदलावे. ढिली गाडी खोटे बोलते. ती डावीकडे गेली ती चालकामुळे की बुशामुळे, हे कळत नाही. आणि जे कळत नाही ते शिकता येत नाही. ब्रेकचे पॅड आणि ब्रेकचे तेल नवे असावे. बॅटरी घट्ट बांधलेली असावी आणि डिकीतला जॅक व सुटी हत्यारे बाहेर काढावी. गाडी गरकन फिरली की ती गोफणीतल्या दगडासारखी सुटतात.

दुसरे कलम आसनाचे. साध्या आसनावर बसलेला चालक गाडी आडवी होताच बाजूला सरकतो आणि तोल सावरण्यासाठी स्टिअरिंगलाच लोंबकळतो. मग ते फिरविणार कोणत्या हाताने? म्हणून दोन्ही कुशींना धरून ठेवणारे आसन, पक्के पट्टे आणि शिरस्त्राण. पाठ टेकून बसल्यावर हात लांबविला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे, ही बैठकीची सोपी कसोटी आहे.

तिसरे कलम टायरांचे. पुढे चांगली पकड देणारे, मागे साधे. मागचे लवकर झिजतात, म्हणून दोन जादा चाके बरोबर न्यावी. आतले धागे दिसू लागलेला टायर मात्र क्षणभरही वापरू नये.

चौथे कलम डिफरन्शियलचे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दात्यांची पेटी असते. रस्त्यावर ती सोयीची. पण घसरताना भार हलका झालेले आतले चाक नुसते गरगरते आणि बाहेरचे पुरेशा जोराने ढकलीत नाही. दोन्ही चाके एकत्र फिरली तरच गाडी सारखी घसरते. याला उपाय दोन. ही मोकळीक मर्यादेत ठेवणारी पेटी बसविणे, हा चांगला पण महाग उपाय. आतले दाते वेल्डिंगने जोडून टाकणे, हा स्वस्त. दुसऱ्या उपायाने सरळ रस्त्यावर फारसे जाणवत नाही, पण तंग वळणावर टायर कुरकुरत घासतात आणि आसांवर ताण येतो. अशी गाडी रस्त्यावर आणू नये; मैदानापर्यंत ट्रकवर घालून न्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदलेल्या गाडीत मनमानी फेरफार करण्यास आणि परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्यास बंदी आहे, हेही तरुण श्रोत्यांनी विसरू नये.

पाचवे कलम चाकांच्या कोनांचे. पुढच्या चाकांची डोकी आतल्या बाजूस दोन-तीन अंश झुकलेली असावी, म्हणजे उलट वळविलेल्या चाकावर भार आला असता टायर जमिनीवर सपाट बसतो. मागची चाके जवळजवळ उभी आणि समांतर असावी. पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष जितका मागे कललेला, तितके स्टिअरिंग आपोआप उलट दिशेस धावते आणि चालकाचे काम हलके होते. स्प्रिंगा थोड्या ताठ असाव्या, पण गाडी उडू लागेल इतक्या नव्हेत.

शेवटी हातब्रेक आणि गारवा. हातब्रेक ओढताच मागची दोन्ही चाके एकदम अडली पाहिजेत. त्या वेळी क्लच दाबलेला असावा. तार नीट ताणली तर शिकण्यास मूळचा हातब्रेक पुरतो. घसरताना इंजिन जोरात फिरते, पण गाडी हळू चालल्यामुळे वारा कमी लागतो. म्हणून रेडिएटर स्वच्छ हवा आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष हवे. दर पाच-सहा मिनिटांनी गाडीला विसावा द्यावा. तो चालकालाही हवा असतो.

राहिली जागा. कोइम्बतूरची कारी मोटार स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा शर्यतीचा मार्ग सर्वांच्या आवाक्यात नाही. आम्ही एका बंद कारखान्याच्या आवारातील सिमेंटची फरशी मालकाच्या लेखी संमतीने मिळविली. जवळपास खांब नाही, भिंत नाही, पाहणारे लांब दोरीपलीकडे. फरशीवर पाणी मारले, म्हणजे वेग कमी लागतो आणि टायर वाचतात. मध्ये एक जुना टायर ठेवून त्याभोवती गोल, मग दोन टायरांभोवती इंग्रजी आठचा आकडा, एवढाच पाठ. गाडी हाताबाहेर गेली की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे, हा पहिला नियम मी त्याच्याकडून गाडी उभी असतानाच पन्नास वेळा म्हणवून घेतला.

पहिल्या सकाळी त्याची गाडी कितीतरी वेळा गरकन फिरली. प्रत्येक वेळी तो दोन्ही पाय दाबून थांबला, हसला आणि पुन्हा निघाला. तिसऱ्या रविवारी गाडीने टायरभोवती एक पूर्ण फेरा तिरक्या चालीने घेतला. उतरल्यावर तो मला म्हणाला, "सर, आज कळलं. त्या दिवशी घाटात मी गाडी चालवीत नव्हतो. गाडीच मला नेत होती."

श्रोतेहो, आपल्या घरातील तरुण असा हट्ट धरील तेव्हा त्याला नुसते रागावून गप्प बसवू नका. तो गप्प बसेल आणि घाटात जाईल. त्याची यादी मागून घ्या. तिच्यातील शक्तीवर काट मारा आणि आसन, ब्रेक, टायर, मोकळी जागा यांना वर चढवा. शिकाऊ माणसाची गाडी वेगवान नसली तरी चालेल. ती खरे बोलणारी असावी, आणि तिने चूक दाखविली तेव्हा वळणाच्या कडेला कोणी उभे नसावे. मोळीवाल्या त्या बाईचे नाव आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. घाटातून जाताना त्या वळणावर मात्र तो आजही गाडी हळू करतो.