गाडीची कॉईल बदलताना



आज आपण मोटारगाडीच्या एका लहान भागाविषयी बोलू. त्याचे नाव कॉईल. ती दिसायला उभ्या पेल्याएवढी असते. किंमत फार नाही. पण ती बिघडली तर सारी गाडी रस्त्यात उभी राहते.

आम्ही मिस्त्री नव्हे, शाळामास्तर. पण गावात जुन्या पेट्रोल गाड्या अजून आहेत. कोणाची जीप आहे, कोणाची पद्मिनी आहे. त्यांना कंपनीची जुनी कॉईल सहसा मिळत नाही. बाजारात मिळेल ती दुसरी घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, कशी बसवावी, हे आम्ही चांगल्या मिस्त्रींच्या शेजारी बसून समजून घेतले. तेच तुम्हांला सांगतो.

कॉईल काय करते?

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जाते. ते पेटवायला ठिणगी लागते. ती प्लग देतो. पण बॅटरी असते १२ व्होल्टची. एवढ्या जोराने प्लगच्या फटीतून ठिणगी उडत नाही. त्याला हजारो व्होल्ट लागतात.

हे काम कॉईल करते. तिच्या आत तारेची दोन वेटोळी असतात. एकात जाड तार, वेढे थोडे. दुसऱ्यात केसासारखी बारीक तार, वेढे हजारो. जाड तारेतून करंट वाहतो आणि एकदम तुटतो. त्या क्षणी बारीक तारेत २० हजार व्होल्टपर्यंत जोर येतो. अशा दोन वेटोळ्यांचा हा गुण फॅरडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिला.

करंट तोडण्याचे काम पॉइंट करतात. ते डिस्ट्रीब्युटरमध्ये असतात. आता हिशेब करा. चार सिलिंडरच्या इंजिनाला एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ठिणग्या झाल्या ६०००. म्हणजे सेकंदाला १००!

ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. डिझेल दाबलेल्या तापल्या हवेनेच पेटते. म्हणून ट्रॅक्टरला कॉईल नसते.

आधी रोग ओळखा

गाडी मिसिंग करते, म्हणून लगेच कॉईल बदलू नका. प्लग काळे झालेत का? पॉइंट जळालेत का? वायरी तडकल्यात का? डिस्ट्रीब्युटरच्या झाकणात ओल आहे का? हे आधी पाहा. पुष्कळदा रोग तिथेच सापडतो आणि कॉईलचे पैसे वाचतात.

कॉईल बिघडल्याची एक खूण आहे. गाडी गार असताना नीट चालते. तापली की बंद पडते. अर्ध्या तासाने गार झाली की पुन्हा चालू होते. डबीतून तेल झिरपत असेल, तर मात्र ती बदलायलाच हवी.

दुकानात काय पाहावे?

जुनी कॉईल बरोबर न्या. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिले आहे का, ते स्वतः वाचा. दुसरा प्रश्न विचारा : ‘ही कॉईल किती ओहमची?’

ओहम म्हणजे तार करंटला किती अडवते त्याचे माप. बॅटरीच्या पूर्ण १२ व्होल्टवर चालणारी कॉईल सुमारे ३ ओहमची असते. दुसरी एक जात सुमारे दीड ओहमची असते. तिच्या वायरीत वेगळा रेझिस्टन्स जोडावा लागतो. दोघी दिसायला सारख्याच!

पुन्हा हिशेब करा. १२ ला ३ ने भागले, करंट आला ४ अँपियर. १२ ला दीडने भागले, आला ८. म्हणजे दुप्पट. मग कॉईल तापते आणि पॉइंट जळतात.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या गावात तेव्हा एकच गाडी होती, जुनी पेट्रोलची. आजाऱ्याला तालुक्याला न्यायचे तर तीच. मालकाने तिला नवी कॉईल बसवून घेतली. दुकानदाराने दिली ती दीड ओहमची. कोणी खोके वाचले नाही. गावात फिरताना काही कळले नाही. आठ दिवसांनी एका बाळंतिणीला घेऊन गाडी रात्री निघाली. घाट चढताना कॉईल तापली. गाडी बंद पडली. बाई कळांनी तळमळत होती. बरोबर तिची सासू आणि दीर. दीराने गाडीची कॉईल ओल्या फडक्याने गार केली, तरी गाडी हलेना. दोन तासांनी दुधाचा टेम्पो आला. त्यातून बाईला नेले. मायलेकरू वाचले, हे दैव. पण दैवावर किती दिवस विसंबायचे? खोक्यावरचा एक आकडा वाचला असता, तर ते दोन तास वाचले असते.

दुकानदार म्हणेल, ‘ही जोरदार कॉईल घ्या, ॲव्हरेज वाढेल.’ भुलू नका. प्लगला पुरेशी ठिणगी मिळत असेल, तर मोठ्या कॉईलने इंजिनाची ताकद वाढत नाही. डबी चेपलेली नको. पावती जरूर घ्या.

बसवण्याची रीत

१. चावी बंद करा. बॅटरीची उणे बाजूची वायर काढून ठेवा.

२. कोणती वायर कुठून काढली, ते कागदावर लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. डोक्यावर भरवसा कशाला?

३. नवी कॉईल पट्ट्यात घट्ट आवळा. इंजिनाच्या तापल्या भागाला ती टेकू देऊ नका.

४. कॉईलवर अधिक आणि उणे अशा दोन खुणा असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीची उणे बाजू बॉडीला जोडलेली असते. तशा गाडीत चावीकडून येणारी वायर अधिकला लावा. डिस्ट्रीब्युटरकडे जाणारी उणेला लावा. उलट लावली तरी गाडी चालू होते. पण ठिणगी कमजोर पडते आणि चढावर गाडी मिसिंग करते.

५. मधली जाड वायर तळापर्यंत दाबून बसवा. तिथे ओल नको.

६. बॅटरीची वायर शेवटी जोडा.

मग गाडी अर्धा तास चालवून पाहा. इंजिन बंद करून कॉईलच्या डबीला हात लावा. ती कोमट किंवा गरम लागेल. हात ठेववतच नसेल, तर काही चुकले आहे. मिस्त्रीला दाखवा.

दोन गोष्टी कधी करू नका

चालू इंजिनाची जाड वायर हातात धरू नका. झटका जबर बसतो. हृदयाच्या आजाऱ्याला तो घातक ठरू शकतो. पेट्रोल सांडलेल्या जागी ठिणगी काढून पाहू नका.

इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले, तर कॉईलमधून करंट सतत वाहतो. ती फुकट तापते, बॅटरीही उतरते. मुले गाडीत खेळत असतील, तर चावी खिशात ठेवा.

नव्या गाड्यांची रचना निराळी आहे. त्यांत पॉइंट नसतात. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असते आणि ठिणगीची वेळ कंप्युटर ठरवतो. तिथे ही रीत लावू नका.

ज्याच्या दारात जुनी गाडी आहे, त्याने उद्याच टोपण उघडून कॉईलवर काय लिहिले आहे ते वाचावे. तो आकडा वहीत लिहून गाडीतच ठेवावा. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे, ते सांगून येत नाही.