ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग

श्रोतेहो, मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. ट्रॅक्टरच्या चाकावर बोलण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे तुम्ही विचाराल. तो मला माझ्याच एका चुकीने दिला आहे. ती आधी सांगून टाकतो.

आमचे घर जुन्नर तालुक्यातल्या येडगावचे. कुकडी नदीवरचे येडगाव धरण १९७७ साली झाले. पाणी आले तसा ऊस वाढला, आणि उसामागून दारात ट्रॅक्टर आले. एका हंगामात आमच्या ट्रॅक्टरचे डावे पुढचे चाक गुरगुरू लागले. मिस्त्री परगावी गेलेला, मी सुट्टीवर. नवे बेअरिंग मीच बसवले, आणि ढिले राहू नये म्हणून नट अंगातला सगळा जोर लावून आवळला. दुसऱ्या दिवशी हब इतका तापला की ग्रीस पातळ होऊन गळू लागले. थोरले बंधू म्हणाले, "अरे मास्तर, बैलाचं जू तरी कुणी इतकं आवळतं का?" माझा पुतण्या तेव्हा मडगार्डवर बसलेला होता. पुणे-नाशिक रस्त्यावर, मागे भरलेली ट्रॉली असताना ते चाक निखळले असते तर? मडगार्ड ही बसायची जागा नव्हे, हेही आम्हांला त्याच दिवशी सुचले.

बैलगाडीत तुंबा आसावर घासत फिरतो, म्हणून वंगण लागते. बेअरिंगमध्ये घासण्याच्या जागी लोळणे येते. ट्रॅक्टरच्या पुढच्या हबात सहसा निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान, एकमेकांच्या उलट तोंडाने बसवलेली. म्हणून वरचे ओझेही पेलते आणि वळताना बाजूने येणारा दाबही. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी अमेरिकेत १८९८ साली अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. शिक्षकबंधूंनी जुने बेअरिंग वर्गात जरूर न्यावे. सगळ्या रोलरांच्या कडा पुढे वाढवल्या तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. शंकूचा धडा मुलांच्या हातात येतो.

आता परीक्षा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा ॲक्सल जॅकने उचला आणि त्याखाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला आतून पाहायला सांगा. चाक एकटेच डुलत असेल तर बेअरिंग झिजले किंवा नट ढिला आहे. चाकाबरोबर उभा खुंटही डुलत असेल तर दोष त्याच्या बुशांचा. हे न पाहता पुष्कळांचे पैसे बेअरिंगवर फुकट जातात.

खोलताना सीलचे तोंड कोणीकडे आहे ते पाहून ठेवा. नवे तसेच बसवायचे. चिखल-पाणी आत जाते ते बहुधा फाटक्या सीलमधूनच, म्हणून जुने सील परत घालण्याची काटकसर करू नये. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर बेअरिंग गेले. हबात घट्ट बसलेला त्याचा कपही बदला. जुन्या कपावर नवे रोलर घातले तर तेही लवकर जातात. कप पितळी दांड्याने समोरासमोर आळीपाळीने ठोकून काढा. नवा पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. हब डिझेलने धुऊन कोरडा करा. ग्रीस वरून फासू नका. तळहातावर घेऊन रोलरांच्या फटीतून पलीकडे निघेपर्यंत दाबा.

आणि नट! चाक हाताने फिरवत नट आवळा. फिरणे किंचित जड झाले की थांबा, नट थोडा मागे घ्या आणि जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घाला. चाक मोकळे फिरावे, पण डुलू नये. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असेल तर तोच मानावा. तासभर काम झाल्यावर हबवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुन्हा खोला.

आमच्या घरी हे काम आता थोरले बंधूच करतात. मला बॅटरी धरायला बोलावतात.