चौक लिहिणाऱ्या बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला असा मंडळाचा आग्रह झाला, म्हणून उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठमोठे शब्द माझ्याकडून मागू नयेत. स्वयंपाक आणि शिवण यांवर आपण दरवर्षी ऐकतोच. आज मी चित्रकारांविषयी सांगणार आहे. चित्र काढणाऱ्याला ते सुचते कुठून, एवढाच माझा विषय.

हल्ली पिशव्यांवर, चहाच्या कपांवर, बंगल्यांच्या कुंपणावरसुद्धा वारली चित्रे दिसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झाले, वर गोल म्हणजे डोके, आणि काड्यांसारखे हातपाय. आपली मुलेही शाळेत काढतात. पण हे चित्र मुळात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतल्या वारली बायकांचे. लग्नघरी कुडाची भिंत सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा, तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा, बांबूची काडी त्यात बुडवायची आणि सवाशिणींनी लग्नाचा चौक लिहायचा. ‘काढायचा’ नव्हे हं, तिकडे चौक ‘लिहितात’. मधोमध पालघट देवी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. आपण चैत्रात गौरीपुढे चैत्रांगण काढतो, तसेच समजा. पुढचे सारवण आले की चित्र पुसले.

त्याच डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या पाड्यावर जिव्या सोमा मशे हे वाढले. सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि पोराची वाचाच बसली. कितीतरी काळ ते कुणाशी बोलत नसत. काय हवे, काय नको, ते बोटाने धुळीत रेघा ओढून दाखवीत. आईवेगळे मूल ज्यांनी वाढवले आहे, त्यांना मी यावर अधिक काय सांगावे! त्यांचे चित्र असे सुरू झाले. शिकवायला मास्तर नव्हता, शाळा नव्हती.

पुढे 1970 नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार कागद आणि रंग घेऊन त्या पाड्यांवर गेले. बायका बुजल्या, असे सांगतात. जिव्या पुढे झाले. चौक लिहिणे हे बायकांचे काम, पण यांनी कागदावर रोजचे जगणे आणले: भाताची लावणी, मासे धरायचे जाळे, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फिरणारा नाच. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते वारले. त्यांचा मान त्यांनी कमावलेला आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या भिंतींवर हे लिहिले, त्यांची नावे भिंतींबरोबर सारवली गेली. हे मला लागते.

असेच सगळीकडे झाले असे मात्र नाही. हेच कुलकर्णी त्याआधी, 1966-67 च्या दुष्काळात, बिहारात मिथिलेला गेले होते. तिकडेही बायका लग्नघराच्या भिंती रंगवतात. दुष्काळात पदरात चार पैसे पडावेत म्हणून त्यांना कागद दिले, आणि तिथे बायकांनी ते घेतले. जगदंबादेवींना 1975 साली पद्मश्री मिळाली, सीतादेवींना 1981 साली, गंगादेवींना 1984 साली. गंगादेवींची हकीकत ऐकून मला रात्री झोप आली नाही. नवऱ्याने दुसरी बायको केली, घर सुटले. नंतर कर्करोग झाला. त्या बाईने आपले आजारपण, ते रुग्णालय, तिथले डॉक्टर आणि खाटा, सारे चित्रांत उतरवले. लग्नाची मंगल चित्रे काढणारा हात तोच, तीच बारीक रेघ! 1991 साली त्या गेल्या, चित्रे राहिली, आणि चित्रांबरोबर नावही राहिले.

आता घरचे सांगते. एकवीरेच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यात किती जणी थांबून पाहतात? तिथे दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरली आहेत. त्यांतच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. लेण्याचे दार त्याने केले, असे लिहिले आहे. सुमारे दोन हजार वर्षे झाली. सुताराचे नाव सावकारांच्या पंगतीत बसले, कारण कुणाला तरी ते कोरून ठेवावेसे वाटले.

आणि आपण? पलीकडच्या खोलीत अकरा गोधड्या मांडल्या आहेत. एकीत सासूबाईंच्या इरकली लुगड्याचा काठ मधोमध घेतला आहे, एकीत मुलाच्या बाळपणीची झबली. ही कुणाची म्हणून विचारले, तर उत्तर येते, “अमक्यांच्या सूनबाईंची.” सूनबाईंना नाव नाही का? आणि तो काठ मधोमधच का घेतला, हे तिच्याखेरीज कोण सांगणार?

म्हणून मी कागदाच्या चिठ्ठ्या आणि टाचण्या आणल्या आहेत. प्रत्येकीने आपले स्वतःचे नाव लिहावे, कापड कुणाचे होते तेही लिहावे. रांगोळ्यांपुढेही एकेक चिठ्ठी ठेवायची आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला सांगावे, मी लिहून देईन. चहाला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात उरकून घेऊ.