वनस्पतिसंग्रहांतील परदेशी झाडें

वसईच्या वाड्यांतून हिंडणाऱ्यास पांढरा चाफा, सीताफळ, पेरू, पपई आणि काजू हीं झाडें इतकीं घरचीं वाटतात कीं, त्यांचें मूळ गांव विचारण्याचें त्याच्या मनांतही येत नाहीं. चाफ्याचें फूल देवास चालतें, आणि एका फळास तर सीतेचेंच नांव मिळालें आहे. तथापि हीं पांचही झाडें मूळचीं उष्ण कटिबंधांतील अमेरिकेचीं होत.

इ. स. १५३४ त वसई गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ त चिमाजीअप्पांनीं ती जिंकीपर्यंत त्यांच्याच अमलाखालीं राहिली. ब्राझील व गोवें हीं दोन्ही त्यांच्या हातीं असल्यामुळें बीं-रोपांची ने-आण सुलभ झाली. परंतु कोणतें झाड केव्हां आलें, हें ठरविणें सोपें नव्हे. गार्सिया द ओर्ता याच्या, १५६३ त गोव्यास छापलेल्या औषधिविषयक ग्रंथांत काजूचा उल्लेख नाहीं. १५७८ तील क्रिस्तोवाव द कोश्ता याच्या ग्रंथांत मात्र कोचीनच्या बागांतील काजूचें वर्णन आहे. एवढ्यावरून तो या पंधरा वर्षांतच आला असें म्हणतां येणार नाहीं. उल्लेख नसणें म्हणजे वस्तु नसणें नव्हे. सीताफळाचा वाद याहून अवघड. भारहूतच्या शिल्पांत तें फळ कोरलेलें आहे असें कनिंगहॅमचें मत होतें. अनेकांस तें पटलें नाहीं. दगडांतील फळाचें पान, फूल किंवा बीं तपासून पाहतां येत नाहीं, हीच खरी अडचण.

वनस्पतिसंग्रहांत ही अडचण राहत नाहीं. फुलाफळांसह तोडलेली डहाळी वर्तमानपत्राच्या घडींत दाबून सुकवितात आणि जाड कागदावर चिकटवितात. कोपऱ्यांतील चिठ्ठीवर नांव, स्थळ, तारीख, गोळा करणाराचें नांव आणि क्रमांक असतो. पुढें शास्त्रीय नांव बदललें तरी जुनी चिठ्ठी फाडीत नाहींत. नवी तिच्या शेजारीं लावतात. जुन्या चिठ्ठीवर ‘ठाणें जिल्हा’ असेल, तर वसईचें तें स्थळ १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत शोधावें लागतें. झाड लावलेलें होतें कीं आपोआप उगवलेलें, ही नोंद तर परदेशी झाडाच्या बाबतींत फारच मोलाची. कुंपण ओलांडून तें रानांत केव्हां पसरूं लागलें, याचा माग तीवरूनच लागतो.

परंतु कागदासही अमरपट्टा नाहीं. मार्च १९४३ मध्यें बर्लिन येथील संग्रह बाँबहल्ल्यांत जळाला आणि ज्यांवरून अमेरिकेंतील अनेक वनस्पतींचें नामकरण झालें होतें, ते मूळ नमुने नष्ट झाले. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या मॅकब्राइड यांनीं १९२९ पासून त्यांपैकीं पुष्कळांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, म्हणून निदान त्यांचें रूप तरी उरलें. एकाच झाडाच्या दोन डहाळ्या दोन ठिकाणीं ठेवण्याच्या रूढींतील शहाणपण यावरून कळून येईल. वसईकरांस हीं दोन ठिकाणें फार दूर नाहींत : मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयांत १९०६ सालीं सुरू झालेला ब्लॅटर संग्रह, आणि पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें १९५५ सालचें पश्चिम विभागीय केंद्र.

वसई-विरार महानगरपालिका २००९ त स्थापन झाली. वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. तोडलेल्या झाडाची आठवण एका पिढीपलीकडे सहसा टिकत नाहीं. तेथें काजू होता हें पुढें सांगावयास एक सुकलेली डहाळी पुरेशी आहे. मात्र ती झाड उभें असतांनाच घेतली पाहिजे.