घसारा फक्त यंत्राचाच का?

(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘व्यापार आणि निसर्ग’ हा विषय आयोजकांनी सुचविला तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत लिपिक. धंदा कधी केला नाही. परंतु वीस वर्षे कर्जाचे अर्ज हाताखालून गेले आणि त्या अर्जात काय विचारले जात नाही, हे आता थोडेफार उमगू लागले आहे. तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा आज हळदीमुळे ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु हळद जवळजवळ नऊ महिने रानात असते. पाऊस संपल्यावरही तिला पाणी द्यावे लागते. काढल्यावर ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, आणि शिजवायचे म्हणजे सरपण आले.

बँकेत आम्ही यंत्राचा घसारा धरतो. बॉयलर असो, पॉलिशचा ड्रम असो, ट्रॅक्टर असो, दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी दाखवायची. ते निकामी होईल त्या दिवशी नवे घेण्याची तजवीज असावी, हा त्यामागचा विचार. पण बांधावरची बाभूळ तोडून हळद शिजवली तर तिचा घसारा कोणी धरत नाही. सरपण घरचे, म्हणजे खर्च शून्य! बोअरचे पाणी दरसाल खाली जाते, त्याचाही नाही. उलट पाणी लागले की जमिनीची किंमत वाढते. साठा घटत जातो आणि वहीत मात्र नफा दिसतो.

शूमाखर नावाचे अर्थतज्ज्ञ १९५५ साली सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेले होते. पुढे १९७३ साली आलेल्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात त्यांनी बौद्ध अर्थशास्त्रावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. निसर्गाचे भांडवल आपण उत्पन्न समजून खात आहोत, हीच त्यांची तक्रार होती. आमच्या खातेवहीच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल मोडून त्यालाच व्याज म्हणणे!

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांतील कित्येकांच्या नावे सातबारा नाही, म्हणून बोअरचे कर्जही नाही. त्यांना हातपंप. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. तीच भेग एकाच्या खोल बोअरने उपसली की शेजारचा आड आटतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर बंधने घातली आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी सर्वांसाठी खुले करण्याचा लढा दिला. आज तळ्यावर कोणी अडवत नाही. पाणीच खालच्या खाली निघून जाते, आणि अडवणारा दिसत नाही.

एका वर्षी आम्ही स्वतः एका बोअरच्या कर्जाचे कागद तयार केले. सगळे नियमाप्रमाणे. मे महिन्यात त्याच गावी जाणे झाले, तर वस्तीतला हातपंप कोरडा. आमची मावसबहीण दूरच्या विहिरीवर घागर घेऊन रांगेत उभी. ती हसून म्हणाली, “दादा, तुमच्या बँकेत पाणी पण मिळतं का?” हातपंप त्या बोअरमुळेच आटला असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अर्जात तो प्रश्नच नव्हता आणि आम्हालाही तो सुचला नव्हता.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा आपत्तीसाठी राखून. पैशाचा चौथा भाग आपण ठेव म्हणून ठेवतोही. पाण्याचा ठेवतो का? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूरकरांच्या बँकेतल्या ठेवी जागच्या जागीच होत्या.

उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत विषाचा व्यापारही सांगितला आहे. आपल्यातील ज्या तरुणांनी कृषी सेवा केंद्रे काढली आहेत त्यांनी रागावू नये. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवा, एवढेच म्हणणे आहे. या स्मरणिकेला हळदीच्या आडत्यांनीही जाहिराती दिल्या आहेत. जाहिरातीसोबत त्यांनी हे पानही वाचले तर बरे होईल.

आमची सूचना साधी आहे. आपल्या संस्थेच्या बचतगटातून धंद्यासाठी पैसे देताना अर्जात दोन प्रश्न वाढवावेत. पाणी आणि सरपण कोठून आणणार? ते कमी पडले तर प्रथम कोणाचे बंद होईल? आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील दोन-तीन विहिरींची पाणीपातळी एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात मोजून विहारातील वहीत लिहावी. मोठ्या माणसाला सोबत घ्या, काठावर एकट्याने वाकू नका. दोर आणि वही आम्ही पुढच्या रविवारी आणून ठेवतो.