शस्त्रक्रियेनंतरची जागल

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे शब्द कानी पडताच बाहेर तिष्ठत बसलेल्या आप्तांचा जीव भांड्यात पडतो. परंतु रुग्णाची खरी कसोटी पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते.

२०११ सालच्या एप्रिल महिन्यात युरोपातील २८ देशांमधल्या ४९८ रुग्णालयांत एक पाहणी झाली. सात दिवसांत दाखल होऊन हृदयाव्यतिरिक्त अन्य शस्त्रक्रिया झालेल्या ४६,५३९ रुग्णांची तीत नोंद झाली. त्यांपैकी शेकडा ४ रुग्ण घरी जाण्यापूर्वीच दगावले. आइसलंडमध्ये हे प्रमाण शेकडा १.२, तर लाटव्हियात २१.५ होते. अशा ढोबळ आकड्यांवरून निवाडा करणे न्याय्य नव्हे. कोठे रुग्ण अधिक वृद्ध असतात, कोठे आजार अधिक बळावलेला असतो. तथापि हे सारे हिशेबात घेऊनही देशादेशांतील अंतर पुरते मिटले नाही. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की मृतांपैकी शेकडा ७३ रुग्ण अतिदक्षता विभागात एकदाही पोहोचले नव्हते.

मग हे अंतर पडते कोठे? अमेरिकेतील १८६ रुग्णालयांच्या एका अभ्यासाने २००९ साली याचा उलगडा केला. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, न्यूमोनिया यांसारखे उपद्रव सर्वांत चांगल्या रुग्णालयांत शेकडा २४.६ रुग्णांना झाले, तर सर्वांत अधिक मृत्यू घडणाऱ्या रुग्णालयांत २६.९ रुग्णांना. मृत्यूचे प्रमाण मात्र अनुक्रमे ३.५ आणि ६.९, म्हणजे जवळजवळ दुप्पट! संकट दोन्हीकडे सारखेच येते. ते ओळखून रुग्णाला सावरण्यात एक रुग्णालय दुसऱ्याच्या मागे पडते.

संकट बहुधा चाहूल देऊन येते. श्वास जलद होतो, नाडी धावू लागते, लघवी कमी होते. या खुणा टिपण्यास पुरेशा परिचारिका हव्यात, त्यांच्या हाकेला तत्काळ धावून येणारा डॉक्टर हवा आणि रुग्णाला हलविण्यास अतिदक्षता विभागात खाट मोकळी हवी. यांतील एक दुवा निखळला, की कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रियाही व्यर्थ ठरते.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ उसळली, तेव्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्या अनुभवातूनच पुढील वर्षी ब्यर्न इब्सेन यांनी तेथे अतिदक्षता विभाग उभारला. यंत्रे पुढे पुष्कळ आली. परंतु या विभागाचा पाया घातला तो रुग्णाच्या उशाशी रात्र जागविणाऱ्या माणसांनी. रुग्णालयाची योग्यता ठरविताना शस्त्रक्रियागृहाइतकीच ही जागलही तपासली पाहिजे.